आमच्या ग्रुपवर बाबा गेले

“सूनबाई, मी गेलोय म्हणे,” माझे सासरे फोन माझ्यापुढे धरत म्हणाले.

सकाळी मीच बाबांचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. तरुणपणीचा, ब्लॅक अँड व्हाइट, शिलाई मशीन उघडून दुरुस्त करतानाचा, त्यांनीच निवडलेला. खाली ‘बाबांना पंचाहत्तराव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा’ असं स्वच्छ लिहिलं होतं. पण वाचतो कोण? नात्यातल्या एका मावशींनी फोटोचा रंग पाहिला आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ ठोकून दिली. मग काय, एकामागून एक सगळ्यांनी हात जोडले. एका दिवट्याने तर ‘शेवटची भेट राहून गेली’ असं लिहिलं. हा गृहस्थ मागच्याच आठवड्यात आमच्याकडे चहा पिऊन गेलेला.

माझं डोकंच फिरलं. बाबा मात्र मशीनच्या तेलाने काळं झालेलं बोट सरकवत एकेकाची थट्टा करत होते. “हा बघ, माझ्या तोंडावर कधी इतकं गोड बोलला नाही.”

आणि बोट थांबलं. धाकट्या काकांचा मेसेज होता. आजेसासूबाईंच्या आजारपणात दोघा भावांत खटका उडाला, तेव्हापासून काकांनी या घराचं नाव टाकलं होतं. ग्रुपवर असून कधी चकार शब्द नाही.

‘दादा, मीच हट्टाला पेटलो. कितीदा फोन हातात घेतला आणि ठेवला. मला माफ कर दादा. निघतोय.’

बाबांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. “येतोय तो. कुणाला काही सांगू नकोस. संध्याकाळपर्यंत मेलेलाच राहू दे मला.”

“बाबा, काहीतरीच काय बोलता.”

“अगं, दारात आला की बघेलच. शिव्या घालेल. घालू दे.”

मी बरं म्हटलं. बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि काकांना सोफ्यावर झोप येत नाही म्हणून आतली खोली आवरायला घेतली.

तिकडे ऑफिसात फोनवर फोन यायला लागले, तसा माझा नवरा वैतागला. त्याने ग्रुपवर ठणकावलं, ‘बाबा ठणठणीत आहेत. डोळे उघडून वाचत जा.’ त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? लगेच हसरे चेहरे सुरू झाले. मावशींनी ‘आता आयुष्य वाढलं’ असं लिहून हात झटकले.

मी ग्रुपवर मागचे मेसेज सरकवून पाहिले. काकांचा मेसेज त्यांनी डिलीट केला होता. मी त्यांना फोन लावला. वाजला, मग कापला. पुन्हा लावला तर बंद.

 बाबा चादर बदलून बाहेर आले, माझा चेहरा पाहिला आणि फोन मागून घेतला. मेसेज होता तिथपर्यंत बोट सरकवलं.

“वळला असेल अर्ध्या वाटेतून,” ते म्हणाले. “मी जिवंत म्हटल्यावर पंचाईत झाली त्याची.”

मला रडू आवरेना. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, शेजारी स्वतः बसले.

“तू वाचलं होतंस ना? सांग बरं, काय लिहिलं होतं त्याने.”

मी आठवून आठवून सांगितलं.

“नाही,” ते म्हणाले. “दादा दोनदा होतं. परत सांग.”