राहू दे

"साहेब, डावऱ्याची चकती खाली पडली वाटतं."

दुर्बीण काका टेबलाखाली वाकून शोधायलाही लागले. फुटबॉल क्लबाच्या कचेरीतल्या फळ्यावर पुढच्या हंगामाचा संघ चुंबकाच्या चकत्यांनी मांडला होता. एका चकतीवर एक खेळाडू. डावऱ्याच्या, म्हणजे डाव्या बॅकच्या जागी भलत्याच कुणाचं तरी नाव होतं.

"पडली नाही, काका. काढली," नवे साहेब म्हणाले. "परवा तुम्हीच तर सांगितलंत."

दुर्बीण गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू सरळ झाले.

दुर्बीण हे त्यांना खेळाडूंनी ठेवलेलं नाव. जन्मात त्यांनी कधी दुर्बीण डोळ्याला लावली नव्हती. एकतीस वर्षं ते क्लबासाठी खेळाडू हेरत होते, कुंपणाला टेकून, डोळे बारीक करून. एवढ्या वर्षांत त्यांनी संघ बांधायच्या नाना तऱ्हा पाहिल्या. पहिल्या मालकांना नावाजलेले फॉरवर्ड आणायचा सोस, म्हणजे पाच नवरदेव आणि वऱ्हाडी एकही नाही. मग एक प्रशिक्षक आले, त्यांना सगळे घरचेच वाढवलेले हवेत. ते एकमेकांना जीव लावायचे आणि हरायचे तेही एकदिलानं. आता हे साहेब. कोण किती धावला, कितीदा चेंडू हिसकावला, सगळं यांच्या संगणकात. माणूस वाईट नव्हता. दुर्बिणींना रोज स्वतःहून खुर्ची द्यायचा.

दुर्बिणींची रीत साधी होती. चेंडू ज्याच्याकडे नाही त्याच्याकडे बघायचं. सोबत्यानं चूक केली की हा कपाळाला हात लावतो की धावत सुटतो? "घरात सगळेच कर्ते झाले तर पाणी कोण भरणार?" असं ते नेहमी म्हणायचे. डावरा पाणी भरणाऱ्यांतला. तेरा वर्षांपूर्वी वीटभट्टीमागच्या मैदानात तो त्यांना दिसला, तेव्हा दुसऱ्यांच्या चुका निस्तरत पळत होता. त्याची आई एकटी, पोराला पाठवायला तयार नव्हती. "मी आहे ना," एवढंच दुर्बीण म्हणाले होते, आणि तिनं पाठवला.

"मी कधी सांगितलं, साहेब?"

साहेबांनी फाइलीतून यादी काढली. तीस नावं, प्रत्येकापुढे दुर्बिणींचं पेन्सिलीतलं अक्षर. ठेवा. ठेवा. सोडा. ठेवा. परवा बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर, गुडघ्यावर कागद धरून त्यांनी ही यादी भरली होती. एकोणतीस जणांपुढे क्लबाचा ठरलेला शब्द लिहिला. डावऱ्यापाशी हात अडखळला. पोटच्या पोरासारखा तो, त्याच्यापुढे काय 'ठेवा' लिहायचं, कोपऱ्यात बादली ठेवतात तसं? म्हणून घरात बोलतात तसं लिहिलं होतं.

राहू दे.

"हेच की," साहेब म्हणाले. "राहू दे."

"अहो, राहू दे म्हणजे राहू दे! संघात राहू दे!"

साहेब कागदाकडे बघत राहिले. "मला वाटलं, राहू दे म्हणजे... जाऊ दे. नको आता. तुमच्या हातून 'सोडा' लिहवेना, म्हणून मऊ लिहिलंत." मग हलक्या आवाजात म्हणाले, "त्याचे आकडे अधलेमधले होते, काका. धड ना इकडे, ना तिकडे. म्हटलं, आकडे अडतात तिथे काकांचा शब्द प्रमाण."

एकतीस वर्षांत कुणी त्यांचा शब्द प्रमाण मानला नव्हता. मानला तो नेमका हा.

"बदलता येईल?"

"नव्याची सही सकाळीच झाली. पंचवीसच्या वर नोंदवता येत नाहीत. डावऱ्यालाही कळवलंय." साहेबांनी खुर्ची पुढे केली. "बसा ना, काका."

दुर्बीण बसले नाहीत.

खेळाडूंच्या खोलीत डावरा आपलं कपाट रिकामं करत होता. टॉवेल, पट्ट्या, आईचा छोटा फोटो, सगळं पिशवीत जात होतं. दुर्बिणींना बघून तो हसला.

"या काका. आकड्यांनी घात केला बघा. तुमच्या हातात असतं तर असं झालं नसतं."

दुर्बिणींना गप्प बसणं सोपं होतं. आकड्यांना थोडंच वाईट वाटणार होतं? पण ज्याच्या आईला शब्द दिला, त्याच्यासमोर खोटं उभं राहायचं कसं? ते बाकावर बसले आणि सगळं सांगून टाकलं. दवाखाना, पेन्सिल, बादली, सगळं.

डावरा बराच वेळ हातातली पट्टी गुंडाळत राहिला. गुंडाळून झाली, तरी पुन्हा उलगडून गुंडाळली.

"आमची आई अशीच," तो शेवटी म्हणाला. "ताटावर हात आडवा धरून 'राहू दे' म्हटलं, की आणखी वाढते. म्हणते, राहू दे म्हणालास ना, मग राहू दे ताटात." तो हसायला गेला, पण ते हसू जमलं नाही. "दुसऱ्यांसारखं 'ठेवा' लिहायचं होतं ना, काका. मला चाललं असतं."

"चुकलं रे माझं. तुझ्यावर जीव होता, म्हणून चुकलं."

"माहितीये."

त्यानं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. तेरा वर्षांत असं कधी केलं नव्हतं. मग पिशवी खांद्याला लावली आणि निघाला. तो दारापाशी पोचला तेव्हा दुर्बिणींना कपाटाखाली त्याचे बूट दिसले. डाव्याची शिवण दोनदा घातलेली, नाड्या एकमेकींना बांधलेल्या.

"अरे, बूट राहिले तुझे!"

डावरा थांबला, पण त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

"राहू दे, काका."

पावलं लांब गेली. दुर्बिणींनी बूट उचलून मांडीवर घेतले. ते आपल्यासाठी ठेवून गेला की टाकून गेला, हे त्यांना कळेना, आणि विचारायला मागं धावण्याचं त्यांचं वय राहिलं नव्हतं.