मला दिसलं होतं

मी तपासणीचा कॅमेरा बोलतोय. हौसेचे फोटो काढणारा नव्हे हो, माणसाच्या आतलं पाहणारा. सुईनं एक औषध टोचायचं, ते रोगट पेशी हुडकून त्यांना गोचिडासारखं चिकटायचं, आणि त्याची चमक मी टिपायची. एवढंच माझं काम.

मला घडवलं प्रयोगशाळेतल्या बाईंनी. लेकराचं तोंड पुसावं तशी माझी काच पुसायच्या. "उंदरं पुरे झाली," म्हणायच्या, "आता तुला दवाखान्यात धाडायचंय." पण माणसांवर चाचणी झाल्याशिवाय दवाखाना दारात उभं करतो थोडाच! आणि नव्या सुईपुढे दंड धरणार कोण?

बाईंची थोरली बहीण आली. आई गेल्यावर हिनंच बाईंना वाढवलेलं. माझ्या फळीवर आडवी होत म्हणाली, "काय रे भाच्या, चावत नाहीस ना?"

तिच्या बरगडीखाली मोहरीएवढी चमक होती. मी टिपली, लख्ख.

आमच्याकडे रीत अशी, की फोटोवरचं नाव झाकायचं आणि सगळ्यांची तपासणी आटोपेपर्यंत कुणालाच काही सांगायचं नाही. नाहीतर निकालात आपल्या माणसाची ओढ शिरते. मदतनीस म्हणाला, "बाई, इथं काहीतरी आहे. कळवायचं का?" बाईंचं बोट फोटोतल्या गळ्याजवळच्या हाडावर थांबलं. मग म्हणाल्या, "मधेच फोडलं तर सगळी मेहनत पाण्यात. कॅमेऱ्याचीच चूक असेल."

माझी चूक! घडवणारीनंच आळ घातला की हो!

वर्ष उलटलं. ताईला दुखू लागलं, तोवर रोग हातपाय पसरून बसला होता.

चाचणी यशस्वी ठरली. मला मंचावर मांडलं. पडद्यावर तोच फोटो. बाई म्हणाल्या, "पाहा, दुखायच्या वर्षभर आधी दिसलं!" टाळ्यांचा नुसता कडकडाट. पहिल्या रांगेत ताई बसलेली, डोक्याला रुमाल बांधून.

सगळे पांगल्यावर बाई माझी काच पुसत होत्या, तेव्हा ती आमच्यापाशी आली. "हा फोटो माझा ना ग?"

"ताई, नाव झाकलेलं होतं."

"नाव झाकलंस. गळ्याजवळचं हे वाकडं हाड कुठं झाकलंस? तुला पाठुंगळी घेऊन पडले, तेव्हाचं ते."

ताईनं माझ्यावरून हात फिरवला. "यालाही दिसलं, तुलाही दिसलं. याला निदान तोंड नाही."

आता मी दवाखान्यात आहे. वेळेवर कळलं म्हणून माणसं बाईंचे हात धरतात. ताई मात्र उपचाराला गावाच्या दुसऱ्या टोकाला जाते.

माझ्यासारखे आणखी घडवा, जरूर घडवा. पण ज्यानं भरवशानं दंड पुढे केला, त्याला आधी सांगा. टाळ्या मागाहून घ्या.