दोन छपरांखालचा पारा

हिलालने दोन्ही थर्मामीटर खिळ्यांवरून काढले आणि अदलाबदल करून परत टांगले. जुन्या धाब्याच्या खोलीतला नव्या पत्र्याच्या खोलीत, तिथला इकडे.

"एखादी काच खोटी असेल," तो म्हणाला. "अर्धा तास थांबू."

रतिलाल हा धुळ्याहून आलेला ओव्हरसियर. गावात दवाखाना बांधायचा होता. छप्पर पत्र्याचं की धाब्याचं, हे ठरवायला त्याला दोन्ही छपरं असलेलं घर हवं होतं, आणि तसं गावात हिलालचं एकच होतं. धाबं म्हणजे सागाचे सरे, म्हणजे आडव्या तुळया, वर काटक्या आणि हातभर खारी माती. दर साल नवी माती टाकावी लागते, म्हणून पंचायतीत हिलालनेच पत्र्याचा आग्रह धरला होता.

ओट्यावर बसलेली त्याची थोरली बहीण, झुंबरअक्का, हसली.

"घरले ताप उना का रे भाऊ?"

"तेच बघतोय, अक्का," रतिलाल म्हणाला.

वैशाखातली दुपार. तीन वाजता त्याने आकडे वाचले. पत्र्याखाली सेहेचाळीस, धाब्याखाली चौतीस. मघाचेच.

"बारा अंश, आबा! मला वाटलं होतं, पाच-सहाचा फरक असेल."

हिलालने स्वतः वाकून पारा पाहिला. बोटाने काच पुसली आणि पुन्हा पाहिला.

गेल्या वैशाखात त्याच्या बायकोला, सुगंधाबाईला, ताप चढला, तेव्हा त्याने तिची खाट उचलून पत्र्याच्या खोलीत नेली होती. नवी खोली, खाली फरशी, भेटायला येणाऱ्यांना खुर्च्या. तिला चांगल्यात ठेवावं म्हणून. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "माले जुना घरमा ली चला." आपल्यामुळे नवी खोली खराब होईल म्हणून ती संकोचतेय, असं त्याला वाटलं. तो तिच्यावर ओरडलाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गेली.

"मग दवाखान्याला धाबं लिहू ना, आबा?"

"लिहा."

एवढं म्हणून हिलाल पत्र्याच्या खोलीत गेला आणि त्याने आतून कडी लावली.

रतिलाल आधी लिहीत राहिला. मग उठून दाराशी गेला.

"आबा, बाहेर या. भोवळ येईल."

तो दार ठोठावणार, तेवढ्यात अक्काने त्याचा हात धरला. ती आता हसत नव्हती.

आत खाट करकरली.

"ती चार दिवस होती इथं," हिलाल म्हणाला.