पेटीचे हातमोजे

कुपी पुन्हा निसटली आणि हवाबंद पेटीच्या तळाशी फुटली. आतली पांढरी पूड पसरली. बाहेरची हवा लागली की नासणारी ती पूड बनवायला धाकटीला अख्खा आठवडा लागला होता. पेटीच्या काचेला जडवलेल्या रबरी हातमोज्यांतून तिने हात बाहेर ओढले. ते घामाने भिजले होते. प्रयोगशाळेत सगळ्यांत नवीन म्हणून तिला धाकटी म्हणत, आणि या क्षणी तर ती तशी दिसतही होती.

"मोजे फार मोठे आहेत," ती म्हणाली. "बोटांची टोकं रिकामीच राहतात."

"नाचता येईना, अंगण वाकडं!" शेजारच्या टेबलावरून तिचा सहकारी लंबू म्हणाला.

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याच्या हातांना ते मोजे चपखल बसत. पण अंगण कधी कधी खरंच वाकडं असतं, आणि या एका म्हणीने आजवर किती जणींची तोंडं बंद केली असतील, देव जाणे.

विभागप्रमुख मॅडम आल्या. काचेतून त्यांनी सांडलेली पूड पाहिली.

"उद्यापासून पेटीवर लंबू बसेल. तू आकडे बघ."

कल्पना धाकटीची, पूड धाकटीची. पण एकदा पेटी हातची गेली की ते काम लंबूचं म्हणूनच ओळखलं जाणार होतं.

"मॅडम, मोजेच नाही का बदलता येणार?"

"अगं, मीही याच मोज्यांत काम केलंय. आत लोकरीचे घालायचे, वरून हे. उन्हाळ्यात हात उकडून निघायचे. पण तोंडातून ब्र काढला नाही."

"का?"

मॅडम हसल्या. "का म्हणजे? बोलले असते तर दुसऱ्याच दिवशी मला पेटीवरून उठवून आकड्यांवर बसवलं असतं."

धाकटीने आकड्यांची वही जवळ ओढली. लंबू टेबलावर काहीतरी शोधू लागला. मॅडमचं हसू हळूहळू ओसरलं. चष्मा काढून त्या तो उगाचच पुसत राहिल्या.

मग त्यांनी सामानाच्या खोलीत फोन लावला. तिथल्या काकांना फोनवर ओरडून बोलायची सवय होती, त्यामुळे त्यांचं बोलणं सगळ्यांनाच ऐकू आलं.

"काका, पेटीचे मोजे लहान मापाचे मिळतात का?"

"मिळतात की! पहिल्यापासून मिळतात. आपल्याकडून कुणी मागितलेच नाहीत. दरवेळी मागणीवर तुमचीच सही आणि माप मोठं. मला वाटलं, तुम्हाला तेच बरे पडतात."

मॅडमचे कान लाल झाले. त्यांनी फोन या हातातून त्या हातात घेतला.

"लहान मागवा."

"बरं. माप बदलायला तक्रार लागते, कुणाची म्हणून लिहू? त्या नव्या मुलीची?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "माझी लिहा."