लाल चिंधीचा दुसरा कॅन

गाडीच्या मागच्या कप्प्यात लाल चिंधी बांधलेले दोन कॅन निघाले, तेव्हा मी आधी चष्मा पुसला. कॅन एकच असायला हवा होता. इंजिनचं ऑइल मी परवा बदललं होतं, एकदाच बदललं होतं, आणि एका वेळी निघालेलं काळं ऑइल एका कॅनमध्ये मावतं. दुसरा उचलून पाहिला तर तोही भरलेला. झाकण काढून वास घेतला. वापरलेलं ऑइलच होतं.

"अगं," मी हाक मारली, "हा दुसरा कुठून आला?"

बायको गाडीच्या पायरीवर बसून बटाटे सोलत होती. डाव्या मनगटाला बँडेज होतं, त्यामुळे काम सावकाश चाललं होतं.

"असेल," ती म्हणाली.

"असेल म्हणजे? कॅन काय मांजर आहे, आपला आपण येऊन बसायला?"

ती हसली नाही. एरवी माझ्या याहून फुसक्या विनोदांना ती हसते. मी म्हटलं, हात दुखत असेल. पातेल्याचा चटका. कापडाशिवाय पातेलं उचलू नकोस, हे मी लग्न झाल्यापासून सांगतोय, पण ऐकेल ती बायको कसली.

मी घड्याळजी. उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्यांची घड्याळं उघडण्यात गेली. घड्याळाला तेल लागतं ते सुईच्या टोकावर बसेल एवढं, त्यामुळे जुनं तेल टाकायचं कुठे हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मग दुकान विकलं, घर भाड्याने दिलं आणि आम्ही दोघं एका जुन्या डिझेल व्हॅनमध्ये राहायला आलो. गाडीतच ओटा, गाडीतच पलंग, गाडीतच भांडण. भांडून बाहेर निघून जावं तर आपलंच घर आपल्याला सोडून जायची भीती. गाडीला आम्ही 'धाकटी' म्हणतो, कारण थोरली एक आहेच. ती आमची लेक. तिला मी ताईसाहेब म्हणतो, का ते तिच्याशी दोन मिनिटं बोललात तर कळेल.

निघताना ताईसाहेबांनी एक वचन घेतलं होतं. माझे वडील शेवटी शेवटी मला ओळखत नव्हते. "आपण कोण? बसा, पाणी घ्या," असं मोठ्या अदबीनं म्हणायचे. जन्मभर मला 'गाढवा' म्हणणारा माणूस! लेक तेव्हा शाळेत होती, तिनं सगळं पाहिलेलं. ती म्हणाली, "बाबा, आजोबांसारखं काही सुरू झालं, तुमचं किंवा आईचं, तर त्या दिवशी गाडी माझ्या दारात लावायची. लपवाछपवी नाही. शब्द द्या." मी दिला. तेव्हा शब्द द्यायला काय जातं असं वाटलं होतं.

ऑइल मी स्वतः बदलतो. मेकॅनिकवर माझा विश्वास नाही. कुठल्याच घड्याळजीचा दुसऱ्याच्या हातावर नसतो. माझी पद्धत ठरलेली आहे. नवं ऑइल इंजिनात गेलं की तोच रिकामा कॅन जुन्या ऑइलने भरायचा आणि चुकून कुणी पुन्हा ओतू नये म्हणून गळ्याला लाल चिंधी बांधायची. गाठसुद्धा माझी. दोन वेढे, आणि राहिलेलं टोक चिमट्याने आत खोचायचं. टोक लोंबताना दिसलं की माझं डोकं उठतं.

तर, एका कॅनवर माझी गाठ होती. दुसऱ्यावर होती साधी सुरगाठ, बुटाला बांधतात तशी, दोन्ही टोकं लोंबणारी.

"हा हात माझा नाही," मी म्हणालो. "कुणीतरी स्वतःचं ऑइल आपल्या गळ्यात मारलंय."

बायकोने बटाटा पाण्यात टाकला आणि दुसरा घेतला.

अशी माणसं असतात, बरं का. वापरलेलं ऑइल कुणालाच नको असतं. आमचा एक कॅन घेऊन मी आदल्या दिवशी वणवण फिरलो होतो. गॅरेजवाला म्हणाला, आम्ही सर्व्हिस केलेल्या गाडीचंच घेतो. पंपावरचा म्हणाला, दुकानात विचारा. दुकानदार म्हणाला, आम्ही विकतो, परत घेत नाही. या दुकानदाराशी मला आधीच भांडायचं होतं, कारण मी त्याच्याकडून दोन कॅन विकत घेतले होते आणि परवा ऑइल बदलायला बसलो तर नवा कॅन एकच. पण बायको हात धरून मला बाहेर घेऊन आली. "जाऊ द्या, चला," एवढंच म्हणाली. ऑइल झुडपात ओतायचं नाही, ओढ्यात तर नाहीच, हा तिचा कायदा आहे आणि मलाही तो पटतो. शेवटी कळलं की शहराबाहेर कचरा केंद्र आहे, तिथे घेतात. मग ज्याला एवढी पायपीट नको, तो काय करणार? शेजाऱ्याच्या कप्प्यात कॅन सरकवून मोकळा होणार.

शेजारी म्हणजे टोपीवाले. गाड्या मुक्कामाला उभ्या राहतात त्या मैदानावर त्यांची गाडी आमच्या बाजूलाच होती. डोक्यावरची टोपी हा गृहस्थ आंघोळीलाही काढत नसावा. माणूस गोड बोलणारा. असल्यांचाच मला संशय येतो. मी सुरगाठीचा कॅन उचलला आणि तरातरा गेलो.

"हे तुमचं," मी कॅन त्यांच्या पुढ्यात ठेवला. "माझ्या कप्प्यात राहिलं होतं."

त्यांनी कॅनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "काका, माझी गाडी विजेवर चालते."

मी त्यांच्या गाडीकडे पाहिलं. खांबावरून जाडजूड वायर येऊन गाडीच्या पोटात गेली होती. आठवडाभर मी त्या वायरला अडखळत होतो.

"असं होय," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

"काकूंचा हात कसा आहे आता?"

"बरा आहे. पातेल्याचा चटका, दुसरं काय."

"पातेल्याचा?" ते म्हणाले. मग त्यांनी टोपी काढली, आतून पुसली आणि पुन्हा घातली. टोपीखाली टक्कल होतं. "काळजी घ्या, काका," ते म्हणाले. हे त्यांनी कशाबद्दल म्हटलं ते मला कळलं नाही, पण आवडलंही नाही.

कॅन घेऊन परत निघालो. शेजारी नाही, तर मग कोण? कप्प्याची किल्ली माझ्या गळ्यात असते, दुसरी बायकोच्या पर्समध्ये. म्हणजे ऑइल मीच बदललं होतं का? दोनदा? मी परवाचं सगळं आठवून पाहिलं. बायको कपडे धुवायला यंत्रांच्या खोलीत गेली होती. मी ऑइल बघायची डिपस्टिक काढली, ऑइल काळंकुट्ट. म्हटलं, झालीच वेळ. गाडीखाली शिरलो, घमेलं लावलं, नट सोडला. ती कपड्यांची बादली घेऊन परत आली तेव्हा मी अर्ध्यावर होतो. "आलीस? राहू दे, होतच आलंय," मी खालून ओरडलो. तिचे पाय मला दिसत होते. ते बराच वेळ हलले नव्हते. हे सगळं मला लख्ख आठवत होतं, घमेल्याच्या काठावरच्या पोच्यासकट. आणि त्याआधीचं काहीच सापडत नव्हतं. पण जे आठवत नाही ते घडलंच नाही की विसरलं, हे माणसाने ओळखायचं कसं? घड्याळ मागे पडलंय हे कळायला दुसरं घड्याळ लागतं.

मला भीती वाटली. सरळ सांगतो, पाचावर धारण बसली. 'आपण कोण? बसा, पाणी घ्या,' हे वाक्य डोक्यातून जाईना. मी बायकोला काही बोललो नाही आणि तीही काही बोलली नाही. बटाट्याची भाजी झाली, आम्ही जेवलो. मीठ कमी होतं, तेही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचरा केंद्रावर गेलो. तिथल्या बाई रबरी हातमोजे घालून उभ्या होत्या. पुढे एकेक टाकी: रंगांची, बॅटऱ्यांची, ऑइलची. मी दोन्ही कॅन उतरवले.

"एका गाडीचं एका वेळचंच घेते," बाई म्हणाल्या. "दोन कसे?"

"एक माझा. दुसरा कुणाचा, माहीत नाही."

"मग तो नाही घेणार. लोक ऑइलमध्ये काहीही मिसळून आणतात, अख्खी टाकी वाया जाते. कुणी काढलं, कुठल्या गाडीतून काढलं, एवढं सांगा. नाहीतर घेऊन जा परत."

"अहो बाई, मलाच माहीत नाही तर सांगू काय?"

"मग कुणाला माहीत आहे?"

घोडं तिथेच अडलं होतं. मागे एक माणूस जुना टीव्ही घेऊन खोळंबला होता.

"आमच्याच गाडीचं आहे," मागून बायको म्हणाली. "मी काढलंय. गेल्या आठवड्यात. त्यात काही मिसळलेलं नाही."

बाईंनी मान हलवली आणि कॅन उचलून टाकीत पालथा केला. त्यांच्या दृष्टीने विषय संपला.

माझ्या मात्र जिवात जीव आला. हसूच फुटलं मला. "तू? अगं, तू बदललंस? मला चोरून?" मी तिला टीव्हीवाल्याच्या वाटेतून बाजूला घेतलं. "आणि इकडे मी समजत होतो की माझंच डोकं गेलं! त्या टोपीवाल्याची माफी मागायला हवी. दुकानदाराचीही. आधी नाही का सांगायचं? आणि शिकलीस कुठे तू हे?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते का, हे मला कळेना.

"तुम्हीच शिकवलंत," ती म्हणाली.

"मी?"

"तुम्ही बाहेर उकिडवे बसला होतात आणि मला खाली घातलं होतंत. पाना कसा धरायचा, नट कुठल्या बाजूला फिरवायचा, सगळं सांगत होतात. डिझेलचं नवं ऑइल दुसऱ्या दिवशीच काळं दिसतं, घाबरायचं नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. झाल्यावर टोपीवाल्यांना हाक मारून म्हणालात, 'बघा, आमच्या मेकॅनिकबाई!' मलम त्यांनीच आणून दिलं."

"मलम कशाला?"

तिने बाही वर केली. "नट निघाला आणि गरम ऑइल हातावर आलं. पातेलं नव्हतं हो ते."

"मग मी पुन्हा बदलत होतो तेव्हा मला थांबवलं का नाहीस?"

"आले तेव्हा तुम्ही खाली होतात. शीळ घालत होतात. काय सांगू, कळेना. म्हटलं, आज ना उद्या आठवेल. म्हणून तर माझा कॅन ओट्याखालून काढून काल तुमच्या कॅनशेजारी ठेवला. मी विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात, खोटं. मला तुमचं तुम्हाला आठवायला हवं होतं."

मी तिचं मनगट हातात घेतलं. इतके दिवस ते बँडेज माझ्यासमोर होतं आणि मी त्याकडे नीट पाहिलं नव्हतं. कडा मळल्या होत्या. दोन वेढे होते आणि गाठीचं टोक कुठेच लोंबत नव्हतं. ते आत खोचलेलं होतं, चिमट्याने.

"मलम कडेने सरकवत होते," ती म्हणाली. "सोडलं नाही. म्हटलं, तुमची नजर जाईल."

माझा हात मला ओळखता येतो. शंभर घड्याळांत मी उघडलेलं घड्याळ ओळखू शकतो. ही गाठ मी बांधली होती, तिचा हात असाच हातात घेऊन बांधली होती, तिला 'हलू नकोस' म्हटलं असणार, फुंकर घातली असणार. मी डोळे मिटून ते शोधलं. तिथे काहीच नव्हतं.

टीव्हीवाल्याचं काम झालं. बाईंनी दोन्ही रिकामे कॅन आमच्या पायाशी आणून ठेवले. लाल चिंध्या तशाच होत्या.

गाडीत बसल्यावर मी ते बँडेज सोडलं. खालची कातडी लाल होती, पण भरत आली होती. नवं बांधलं. बोटं न चुकता चालली.

"नका सांगू तिला," बायको म्हणाली. "मी आहे ना. आता ऑइलसुद्धा येतं मला. गाडीही चालवीन. एवढ्यात नका सांगू."

तेवढ्यासाठी शिकली होती की काय, असा प्रश्न मनात आला. मग वाटलं, शिकवलं तर मीच. तेवढ्यासाठीच शिकवलं असेन का? त्या दिवशीच्या मला काय ठाऊक होतं, हे आता कुणाला विचारायचं?

मी किल्ली तिच्या हातात दिली आणि फोन लावला.

"बोला बाबा," ताईसाहेब म्हणाल्या. मागे जावयाचा आवाज येत होता, काहीतरी हसणं चाललं होतं. "आज कुठे स्वारी?"

"तुझ्या आईला इंजिनचं ऑइल बदलता येतं," मी म्हणालो. "पाना बरोबर धरते. थोडं भाजलं, पण हिंमत सोडली नाही."

"काय सांगता! शिकवलं कुणी?"

"मी शिकवलं म्हणे," मी म्हणालो. पलीकडचं हसणं थांबलं. "मला आठवत नाही, बाळा. दारापुढची जागा मोकळी ठेव. आम्ही निघालोय."