सतराचं दहा

जन्मल्या दिवशी बाळाचं रक्त सतरा भरलं होतं. दोन महिन्यांनी एनिफाचा नवरा लुफेयो त्याला सायकलवरून लसीला घेऊन गेला आणि परत आल्यावर सहज म्हणाला, "वजन छान वाढलंय. टाच टोचून थेंबभर घेतलं. रक्त दहा."

एनिफा मक्याचा न्सिमा ढवळत होती, तिचा हात थांबला. सतराचं दहा? मधलं सात गेलं कुठे?

मुलांजेच्या चहामळ्यांत तेव्हा माणसांचं रक्त काढून विकणाऱ्या रक्तचोरांची आवई उठली होती. तिने गुपचूप बाळाची टाच पाहिली. मग लुफेयोच्या सायकलचं नवंकोरं टायर पाहिलं. याला पैसे आले कुठून? न राहवून तिने आईच्या कानावर घातलं. आई तडक मामाकडे गेली.

आमच्याकडे जावई बायकोच्या गावी नांदतो आणि घरात शब्द चालतो तो मामाचा. मामा सायमोनी म्हणाले, "परक्या गावचा माणूस! उद्या बैठक बसवतो. आपली कुऱ्हाड-चटई उचलून चालता होऊ दे."

सकाळी एनिफाने बाळाला पाठीशी बांधलं आणि सिस्टरला जाब विचारायला दवाखाना गाठला. बाकावर शेजारची मर्विस आपलं बाळ घेऊन बसली होती. तिचा नवरा वर्षभर जोहान्सबर्गला कामाला.

"तुझ्याचं किती गं?" एनिफाने विचारलं.

"अठरा होतं, आता अकरा."

"मग तुझ्या बाळाचं कोणी विकलं?" एनिफा चक्रावली.

सिस्टर खो खो हसली. "अगं बायांनो, पोटात असताना बाळाला श्वास घेता येत नाही, म्हणून रक्त दाट लागतं. बाहेर आल्यावर एवढं लागत नाही. सगळ्यांचंच उतरतं. पुढे हळूहळू चढेल."

एनिफा धावतच सुटली. आंब्याखाली बैठक भरली होती. लुफेयोची चटई गुंडाळून समोर ठेवलेली. तो मान खाली घालून सांगत होता, "रेडिओ देऊन टायर घेतलं. जुन्यावर पोराला हादरे बसायचे."

घरात रेडिओ वाजत नाही, हे एनिफाच्या लक्षातही आलं नव्हतं. धापा टाकत तिने सिस्टरचं बोलणं सांगितलं. मामा खाकरले. "बरं झालं बाई, खुलासा झाला," म्हणून उठले. आईने चटई उचलून आत नेली. लुफेयोची माफी मागावी असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

संध्याकाळी चूल पेटवताना एनिफाने रोजच्यासारखं बाळ त्याच्यापुढे धरलं. "घ्या जरा."

लुफेयोचे हात मांडीवरच राहिले.

"आधी मामांना बोलाव," तो म्हणाला. "त्यांच्यासमोर घेतो."