उत्तरांचा क्रम

तिने वडिलांच्या शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावलं, ओठांच्या उजव्या कोपऱ्यात साचलेली ओल रुमालाने टिपली आणि म्हणाली, "पुन्हा एकदा. समजा, मी घरमालकीण काकू आहे. काय, कसे आहात?"

"नमस्कार," वडील म्हणाले. "बरा आहे."

"आधी काय करायचात?"

"बसवर होतो. कंडक्टर."

"घरात माणसं किती?"

"दोघंच. मी आणि मुलगी."

"जिन्याचा त्रास होईल का?"

वडिलांनी डोळे मिटले. जिभेने दातांमागे काहीतरी शोधल्यासारखं केलं. चौकातल्या कारंज्यापाशी काही जण फोटो काढत होते, त्यांना घाई नव्हती. तिनेही केली नाही.

"नाही," वडील अखेर म्हणाले. "सावकाश चढतो."

"आणि घर कसं वाटलं?"

"घर छान आहे."

"अजून पाहिलंय कुठे!" ती म्हणाली. वडील हसले. हसू चेहऱ्याच्या डाव्या बाजूला आलं आणि तिथेच थांबलं.

दोघं बाकावर आणखी थोडा वेळ बसून राहिली. शहराच्या या जुन्या भागात गाड्यांना मज्जाव होता. गल्लीच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवलेले होते आणि पुढे सगळी दगडी फरसबंदी. बस लांब, पुलापाशी सोडायची. तिथून इथवर चालत येईपर्यंत वडिलांचा अर्धा दिवस संपलेला असायचा. वाचा-उपचारांचं केंद्र याच चौकामागे होतं. आठवड्यातून तीनदा ती त्यांना शहराच्या पार टोकाहून दोन बस बदलून आणायची आणि दर वेळी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागायचा. उपचार करणाऱ्या बाई त्यांना उठवायच्या नाहीत. शेजारी बसून राहायच्या. मागच्या आठवड्यात मात्र त्या म्हणाल्या होत्या, "पहिल्या वर्षात जे येतं ते येतं. पुढे फार खरवडावं लागतं. यांची सगळी शक्ती इथे पोचण्यातच जाते हो. जवळपास राहायला या ना."

खिडकी उघडा ना, म्हणावं इतक्या सहज त्या बोलल्या होत्या. पहिल्या वर्षातलं निम्मं सरलं होतं.

जवळपासची घरं तिने पाहिली होती. बहुतेक मालकांनी ती पर्यटकांसाठी ठेवली होती, दोन रात्री, चार रात्री. उरलेल्यांपैकी तिघांना तिने वडिलांविषयी खरं सांगितलं. तिघांनीही अगदी मन लावून ऐकलं, कळवतो म्हणाले आणि कळवलं नाही. चौथ्या घरी तिने सांगितलं नाही.

हे चौथं घर. खाली चष्म्याचं दुकान, दुकानामागे मालक-मालकीण राहायची आणि वरच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या. दर्शनी भिंतीवर इमारत किती जुनी आहे ते सांगणारी पाटी होती. त्या पाटीपायी घराला काही म्हणजे काही करता यायचं नाही. लिफ्ट नाही, खिडक्यांचा रंग बदलायचा नाही, जिन्याला साधा कठडाही नाही. भिंतीत कड्या ठोकून त्यांतून एक जाड दोर ओवला होता, त्याला धरून चढायचं.

पहिल्या भेटीत काकूंनीच तिला घर दाखवलं होतं.

"पर्यटक नको झालेत मला," त्या म्हणाल्या होत्या. "त्यांच्या बॅगांची चाकं खडखड करत जातात ना, ती माझ्या डोक्यातून जातात. घरच्यासारखी माणसं हवीत." मग जिन्याच्या वळणावर थांबून त्यांनी हात भिंतीला लावला होता. "फक्त आजारी कुणी नको. आधीच सांगते. इथे स्ट्रेचर वळत नाही. मागच्या भाडेकरूंना खुर्चीत बसवून उतरवावं लागलं. यांनी आणि समोरच्या दुकानदाराने. यांची कंबर तेव्हापासून गेली ती गेलीच. आणि ते गृहस्थ..."

"वडील तसे ठणठणीत आहेत," ती म्हणाली होती. "फक्त मितभाषी आहेत."

"मितभाषी चालेल. यांच्या तोंडाला तेवढीच विश्रांती."

दलाल नंतर तिला म्हणाला होता, काकू प्रत्येकाला तेच पाच प्रश्न विचारतात, त्याच क्रमाने. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही स्वतः भेटल्याशिवाय जागा देत नाहीत. तिच्या दृष्टीने ही सोयीची गोष्ट होती. अर्धांगाच्या झटक्यानंतर वडिलांच्या तोंडून महिनाभर एक शब्द फुटला नव्हता. मग एके दिवशी त्यांचं अंग पुसताना ती सहज म्हणाली, "डेपो." आणि वडिलांनी पुढचे थांबे घडाघडा म्हणून दाखवले. दूध केंद्र, शाळा, पाण्याची टाकी, पूल, थेट शेवटच्या थांब्यापर्यंत. एकेकटा शब्द सापडत नव्हता, पण ओळीत उभे केलेले शब्द एकमेकांचा हात धरून बाहेर येत होते. ती बालवाडीत शिकवायची. ओळीने शिकवणं तिला नवं नव्हतं. तिने पाच उत्तरं एका ओळीत लावली आणि दहा-बारा दिवस सकाळ-संध्याकाळ म्हणून घेतली.

"चला," ती म्हणाली. "उजवा हात खिशात ठेवा. असा."

जिन्यावर वडील पुढे, ती मागे. त्यांच्या पाठीला न लागता तिचा हात पाठीमागोमाग वर जात होता. वडिलांनी डाव्या हाताने दोर धरला होता. आधी डावा पाय वर, मग उजवा ओढून त्याच्या शेजारी. वळणावर ते थांबले. वरून मालकांचा आवाज आला.

"या, या! जिन्याने घाम काढला ना? आमच्याकडे माणूस आधी धापा टाकतो, मग बोलतो!"

वडील वर पोचले. श्वास घेतला.

"नमस्कार," ते म्हणाले. "बरा आहे."

"वा! बरे आहात, म्हणजे जिंकलात. मी अजून बरा होतोय," असं म्हणत मालकांनी कमरेच्या पट्ट्यावर थाप मारली आणि वडिलांपुढे खुर्ची सरकवली.

पहिलं उत्तर आपल्या जागी पडलं होतं. काकू खिडकीची चौकट फडक्याने पुसत होत्या. त्यांनी वळून आधी वडिलांकडे पाहिलं, मग दोन्ही खोल्यांकडे.

"जागा तशी बेताचीच आहे," त्या म्हणाल्या. "राहणार किती जण तुम्ही?"

हा तिसरा प्रश्न होता.

"बसवर होतो," वडील म्हणाले. "कंडक्टर."

मालक खो खो हसले.

"घ्या! कंडक्टरला माणसं मोजायला सांगता! अहो, ते म्हणतील बसतील तेवढी बसवा, पुढे सरका!"

"दोघंच आहोत आम्ही," ती घाईने म्हणाली.

"ते सांगतील ना," काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, पण फडकं थांबलं होतं.

मालकांना विषय मिळाला होता. "मीही दुकानाचा माल आणायला बसनेच जायचो, बरं का. तेव्हाचे कंडक्टर म्हणजे काय रुबाब! सुट्टे नाहीत म्हटलं की असे बघायचे, वाटायचं खालीच उतरावं. तुम्ही किती वर्षं होतात?"

"दोघंच," वडील म्हणाले. "मी आणि मुलगी."

मालकांचं हसू सुरू झालं आणि मध्येच राहिलं. ते बायकोकडे पाहू लागले. वडिलांनाही कळलं. काहीतरी चुकतंय एवढं कळलं, पण कुठे ते कळेना. बस पुढे निघून गेली होती आणि त्यांच्या हातात मागच्या थांब्याचं तिकीट राहिलं होतं. त्यांनी मुलीकडे पाहिलं.

"बाबांना जरा कमी ऐकू येतं," ती म्हणाली.

बोलून गेल्यावर तिला स्वतःचाच कंटाळा आला. आता आणखी एक खोटं सांभाळायचं. बसथांबा, पूल, परतीची बस, दुसरी बस, आणि संध्याकाळी पुन्हा दलालाला फोन, हे सगळं तिला एकदम डोळ्यांपुढे दिसलं. तिने खांद्यावरची पिशवी नीट केली. निघायची वेळ झालीच होती.

काकूंनी फडक्याची घडी घातली आणि ते खिडकीत ठेवलं. त्या येऊन वडिलांच्या समोर उभ्या राहिल्या. वडिलांच्या चेहऱ्याकडे, मग खिशाकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे त्यांची नजर गेली. त्यांचे ओठ किंचित हलत होते, मनातल्या मनात काहीतरी जुळवून बघावं तसे.

"जिन्याचा त्रास होईल का?" त्यांनी विचारलं.

त्यांनी आवाज चढवला नव्हता. कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी बोलतो तसं त्या बोलल्याच नव्हत्या. फक्त सावकाश बोलल्या होत्या.

"नाही," वडील म्हणाले. "सावकाश चढतो."

"आणि घर कसं वाटलं?"

"घर छान आहे."

"झालं तर मग," काकू मालकांकडे वळल्या. "माझं विचारून झालं."

"अहो, पण ते कुठल्या बसवर होते ते तरी..."

"दुकान उघडं टाकून आलात ना वर? कुणी चष्मे उचलून नेले म्हणजे?"

"नेऊन करतील काय? नंबर जुळायला नको?" मालक कुरकुरत उठले. वडिलांच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "सवडीने बोलू हं आपण," आणि दोर धरून, कंबर सांभाळत खाली उतरले. त्यांची पावलं वळणापलीकडे गेली तरी काकू तशाच उभ्या होत्या.

वडिलांनी डाव्या हाताने उजवा हात खिशातून बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला. पाठ झालेलं सगळं म्हणून झालं होतं. त्यांचे डोळे आता मिटायला आले होते.

"कधीपासून?" काकूंनी विचारलं.

"सहा महिने झाले."

"आणि कान?"

"कान चांगले आहेत."

काकूंनी मान हलवली. ती काही बोलेल म्हणून वाट पाहिली असावी. केंद्र, बाई, पहिलं वर्ष हे सगळं तिचं तीन घरी सांगून झालं होतं. तिने नुसतं खिडकीबाहेर बोट दाखवलं. समोरच्या कौलांपलीकडे केंद्राच्या इमारतीचा वरचा मजला दिसत होता. काकूंनी तिकडे पाहिलं.

"हं," त्या म्हणाल्या.

ती खिडकीच्या कट्ट्यावर बसली. बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

"मागचे गृहस्थ याच खोलीत राहायचे," काकू म्हणाल्या. "छातीचं दुखणं होतं त्यांना. आम्हाला माहीत नव्हतं. आजारी माणूस नको, असं मी त्यांनाही आल्या दिवशीच सांगितलं होतं. तेव्हा उगाचच सांगितलं होतं, सगळे सांगतात म्हणून. त्यांनी बिचाऱ्यांनी ते पाळलं. रोज सकाळी जिन्यावरून हसत उतरायचे. औषधाच्या रिकाम्या बाटल्यासुद्धा लांब नेऊन टाकायचे." त्यांनी जिन्याकडे पाहिलं. "सांगितलं असतं तर दिवसातून एकदा वर येऊन बघितलं असतं मी. दुसरं काय करणार होते?"

खालून मालकांनी शटर सरकवल्याचा आवाज आला. वडील खुर्चीतच झोपले होते.

"जिना तोच आहे," काकू म्हणाल्या. "रुंद होणार नाही तो."

"माहीत आहे."

"काही झालं तर खुर्चीतूनच न्यावं लागेल. आणि आता हे उचलू शकत नाहीत."

"माहीत आहे, काकू."

"यांना मी सावकाश सांगेन. आत्ता सांगितलं तर कंबर धरून बसतील. तोवर तू त्यांच्याशी काय बोलायचं ते बोल. माझ्याशी मात्र असलं काही नको. कमी ऐकू येतं म्हणे."

काकू तिला 'तू' म्हणाल्या होत्या. तिने मान हलवली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आली ती जांभई. तोंडावर हात धरून तिने ती दाबली.

"दे, येऊ दे," काकू म्हणाल्या. फडकं उचलून त्या जिन्यापर्यंत गेल्या, दोर हातात घेतला आणि थांबल्या.

"आणि एक. हे रोज सकाळी दुकान उघडलं की खालून हाक मारून विचारतात, झोप लागली का म्हणून. वर कुणीही असो, विचारतात. तेवढं उत्तर शिकवून ठेव बाबांना."

"शिकवते," ती म्हणाली. "लागली, असं म्हणायचं ना?"

काकूंनी झोपलेल्या वडिलांकडे पाहिलं.

"लागली असेल तर लागली म्हणू देत. नसेल तर नाही लागली म्हणू देत," त्या म्हणाल्या. "दोन्ही शिकव."